मदत हवी आहे: हेटालियावरचा सर्व्हायव्हल हॉरर आरपीजी (एमव्ही) – राक्षस पाठलाग करत नाही, मराठी संवाद तुटतात

घुबड (धागाकर्ता)

हेटालिया ॲनिमेवर एक छोटा फॅन गेम बनवतोय, मोफत वाटायला. ढाचा 'हेटाओनी'च्या (हेटालियावरच्याच चाहत्यांच्या एका भयखेळाच्या) जवळचा: बंद हवेली, चार पात्रं, कुठल्याही दारातून येऊ शकणारा एक राक्षस, मोजकी औषधं आणि अधूनमधून लढाई. इंजिन आरपीजी मेकर एमव्ही १.६.२. संवाद मराठीत. प्लगइन अजून एकही लावलेलं नाही.

राक्षसाच्या इव्हेंटची (नकाशावर ठेवलेल्या घटकाची) ऑटोनॉमस मूव्हमेंट, म्हणजे स्वतःहून होणारी हालचाल, 'अप्रोच' ठेवली आहे, स्पीड ५. तरी तो एक पाऊल येतो, थांबतो, मध्येच भलतीकडे वळतो. मध्ये जेवणाचं टेबल आलं की त्याच्या पलीकडेच घुटमळत राहतो. एका टाइलच्या (नकाशाच्या एका चौकोनाच्या) बोळात तर अगदी पाठीला लागून चालतो, पण पकडत नाही. खेळाडू दुसऱ्या खोलीत गेला की पाठलागच संपतो. मला तो दार उघडून मागोमाग यायला हवा आहे.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. वस्तूंच्या यादीत 'गंजलेली किल्ली', 'स्वयंपाकघर' व्यवस्थित दिसतं. तेच शब्द संवादाच्या खिडकीत आले की वेलांट्या सुट्या पडतात आणि जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरं दिसतात. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही.

चौकट

पाठलागापासून सुरू करू. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.

'अप्रोच' हा पाठलाग नाहीच. एमव्हीच्या मूळ कोडमध्ये त्याचं फंक्शन प्रत्येक पावलाला ६ तोंडांचा फासा टाकतं. ४ वेळा राक्षस खेळाडूच्या दिशेने जातो, एकदा कुठेही आणि एकदा तोंड असेल तिकडे सरळ. म्हणजे तीनातलं एक पाऊल वाया. शिवाय आडवं आणि उभं अंतर मिळून २० टाइल किंवा जास्त झालं की तो पूर्णपणे भरकटतो. गावात फिरणाऱ्या कुत्र्याला हे शोभतं, हवेलीतल्या राक्षसाला नाही.

थांबण्याचं कारण वेगळं आहे. स्पीड म्हणजे एक टाइल ओलांडायला लागणारा वेळ आणि फ्रीक्वेन्सी म्हणजे दोन पावलांमधली विश्रांती. विश्रांतीचं सूत्र ३० गुणिले (५ वजा फ्रीक्वेन्सी) फ्रेम असं आहे. नवीन इव्हेंटला फ्रीक्वेन्सी ३ मिळते, म्हणजे दर पावलामागे ६० फ्रेम, पूर्ण एक सेकंद. ती ५ (हायेस्ट) करा.

आता टेबल. 'मूव्ह टोवर्ड प्लेअर' फक्त ज्या अक्षावर अंतर जास्त आहे तिकडे पाऊल टाकतं, ते अडलं तर दुसऱ्या अक्षावर. वळसा घालायची अक्कल त्यात नाही. ती एमव्हीत आहे, पण माऊसने क्लिक करून चालण्यासाठी ठेवलेली: 'फाइंडडिरेक्शनटू'. मूव्हमेंट टाइप 'कस्टम' करा, रूटमध्ये एकच स्क्रिप्ट कमांड टाका:

धिस.मूव्हस्ट्रेट(धिस.फाइंडडिरेक्शनटू($गेमप्लेअर.एक्स, $गेमप्लेअर.वाय))

'रिपीट' आणि 'स्किप इफ कॅनॉट मूव्ह' दोन्हींवर खूण हवी. ट्रिगर 'इव्हेंट टच', प्रायॉरिटी 'सेम ॲज कॅरेक्टर्स'. 'प्लेअर टच' ठेवलंत तर राक्षस येऊन धडकला तरी काही होणार नाही, खेळाडू त्याच्यावर चालून गेला तरच होईल.

या शोधाची मर्यादा १२ पावलांची आहे ('सर्चलिमिट'). त्याहून लांबचा वळसा असेल तर तो सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या कोपऱ्यात जाऊन अडकतो. मोठ्या दालनासाठी छोट्या प्लगइनमध्ये ही मर्यादा २० ते २५ करा, पण फक्त राक्षसापुरती. दहा इव्हेंट एकदम शोधायला लागले तर जुन्या फोनवर खेळ अडखळतो.

आणखी एक: पडद्याच्या मध्यापासून आडवं १७ किंवा उभं १३ टाइलपेक्षा लांब असलेला इव्हेंट स्वतःहून हलतच नाही. मोठ्या नकाशाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला राक्षस तिथेच उभा दिसला तर कारण हे.

रातकिडा

बोळातल्या न पकडण्याचं उत्तर चौकट यांच्या यादीत आलेलं नाही. चारही पात्रं मागोमाग चालताना दिसतात, म्हणजे 'फॉलोअर्स' चालू आहेत. दिसणारा प्रत्येक फॉलोअर राक्षसाची वाट अडवतो, पण त्याला धडकल्याने इव्हेंट सुरू होत नाही. इव्हेंट टच फक्त पुढच्या पात्राची जागा तपासतो. एका टाइलच्या बोळात मागची तीन पात्रं तुमच्या खेळाडूची ढालच झाली आहेत.

पाठलाग सुरू होताना आधी 'गॅदर फॉलोअर्स', मग 'चेंज प्लेअर फॉलोअर्स' ऑफ. संपला की ऑन. कथेतही हे खपतं: राक्षस दिसला की सगळे विखुरतात.

वेगाचा हिशेब एमव्हीत असा आहे: स्पीड ४ ला एका टाइलला १६ फ्रेम, ५ ला ८, ३ ला ३२. सेकंदाला ६० फ्रेम. खेळाडू डीफॉल्टने ४ वर चालतो आणि शिफ्ट दाबून धावला की ५ वर. म्हणजे तुमचा स्पीड ५ चा राक्षस धावणाऱ्याला कधीच गाठणार नाही आणि चालणाऱ्याला ५ टाइलच्या आघाडीवरून ५ टाइलमध्ये गाठेल. दोन्हीत भीती नाही. एकात कंटाळा, दुसऱ्यात संताप.

मी सुचवेन ते असं: मॅप प्रॉपर्टीजमध्ये 'डिसेबल डॅशिंग', खेळाडू ४ वर, राक्षस ४.४ वर. एडिटर अपूर्णांक देत नाही, स्क्रिप्टने 'सेटमूव्हस्पीड(४.४)' चालतं. ते मूव्हस्ट्रेटच्याच स्क्रिप्टमध्ये आधी, अर्धविराम देऊन लिहा. वेगळी कमांड केलीत तर दर पावलाला एक रिकामी फेरी जाते. ४.४ ला टाइलमागे १३ फ्रेम लागतात. ५ टाइलची आघाडी साधारण २२ टाइल टिकते. म्हणून दोन दारांमधली वाट १५ ते १८ टाइलची ठेवली की नीट पळणारा वाचतो आणि एकदा भिंतीला धडकणारा जेमतेम वाचतो. हवेलीचा नकाशा काढताना हा आकडा समोर ठेवा. खोल्या नंतर लहान-मोठ्या करत बसलात तर प्रत्येक पाठलाग पुन्हा तपासावा लागतो.

घुबड (धागाकर्ता)

टेबलाला वळसा घालतोय, बोळातही पकडतोय! दोघांचेही आभार. नवी अडचण: संवादाची खिडकी उघडी असतानाही तो चालत येतो आणि खिडकी बंद होताच पकडतो. आणि दाराचं कसं करायचं?

चौकट

खिडकी उघडी असताना नकाशावरचे बाकीचे इव्हेंट फिरत राहतात, मात्र स्पर्शाचा इव्हेंट तेवढा वेळ सुरू होऊ शकत नाही. म्हणून तो येऊन खेटून उभा राहतो. मूव्हस्ट्रेटच्या आधी अट घाला: '$गेममॅप.इझइव्हेंटरनिंग()' खोटं असेल तरच पाऊल टाक. पॅरलल इव्हेंट त्यात मोजले जात नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमीतलं काही अडणार नाही.

दारासाठी हे लक्षात ठेवा की इव्हेंट नकाशाला बांधलेला असतो. नकाशा बदलला की जुना राक्षस गेला. पॅरलल कॉमन इव्हेंटमध्ये (कुठल्याही एका नकाशाला न बांधलेल्या) 'वेट' ठेवून भागत नाही, कारण नकाशा बदलताना एमव्ही कॉमन इव्हेंटही पहिल्या ओळीपासून नव्याने सुरू करतं. जे लक्षात ठेवायचं ते व्हेरिएबलमध्येच.

१. दाराच्या इव्हेंटमध्ये, ट्रान्सफरच्या आधी: पाठलागाचा स्विच चालू असेल तर राक्षस आणि खेळाडू यांच्यातलं अंतर ('$गेममॅप.डिस्टन्स') गुणिले १३, अधिक २०, असं एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. ३० पेक्षा कमी नको, १८० पेक्षा जास्त नको.

२. खेळाडू नव्या खोलीत ज्या टाइलवर उतरेल तिचे एक्स आणि वाय आणखी दोन व्हेरिएबलमध्ये.

३. प्रत्येक खोलीत राक्षसाचा इव्हेंट दोन पानांचा. पहिलं पान कोरं, चित्राशिवाय. दुसरं 'आला' या स्विचवर.

४. प्रत्येक खोलीत एक पॅरलल इव्हेंट, पाठलागाच्या स्विचवर. 'वेट' कमांड व्हेरिएबल घेत नाही, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये 'धिस.वेट($गेमव्हेरिएबल्स.व्हॅल्यू(१२))', १२ च्या जागी तुमचा क्रमांक. मग दाराचा आवाज, 'सेट इव्हेंट लोकेशन' व्हेरिएबलने, 'आला' चालू. शेवटी याच इव्हेंटचा सेल्फ स्विच (फक्त त्याचा स्वतःचा स्विच) चालू करून तो थांबवा, नाहीतर पहिल्या ओळीपासून फिरत राहील.

५. ट्रान्सफरच्या लगेच आधी 'आला' बंद करा आणि नव्या खोलीतल्या त्या पॅरलल इव्हेंटचा सेल्फ स्विचही. दुसऱ्या नकाशावरचा सेल्फ स्विच स्क्रिप्टनेच बदलता येतो: '$गेमसेल्फस्विचेस.सेटव्हॅल्यू', त्यात नकाशा क्रमांक, इव्हेंट क्रमांक आणि अक्षर.

चौथ्या पायरीत एक खाच आहे. खेळाडू दारातच उभा राहिला तर राक्षस त्याच्याच टाइलवर येऊन बसतो, आणि दोघे एकाच टाइलवर असले की पकडणं होत नाही. जागा बदलण्याआधी खेळाडूचे एक्स-वाय तपासा. तिथेच असेल तर थेट पकडल्याचा प्रसंग चालवा.

पाठलाग चालू असेपर्यंत 'चेंज सेव्ह ॲक्सेस' बंद ठेवा. पकडला जाण्याआधीच्या क्षणी सेव्ह झालेली फाइल खेळाडूच्या काही कामाची राहत नाही.

रातकिडा

हेटाओनी डोळ्यांसमोर ठेवताय म्हणून एक सांगतो. ती निकोनिको डोगा या जपानी व्हिडिओ साइटवर व्हिडिओंच्या रूपात आली, प्रेक्षकाने बघायची म्हणून. तिच्यात राक्षस कधी यावा हे पूर्णपणे कर्त्याच्या हातात आहे, त्यामुळे दहा मिनिटांचा संवादही ताण धरून ठेवतो. तुमच्या खेळात कळफलक दुसऱ्याच्या हातात आहे. पाठलागाची लय मूळ 'आओ ओनी'तून घ्या (नोप्रॉप्स यांचा, आरपीजी मेकर एक्सपीवरचा): दारातून येणारा राक्षस, कपाटात लपणं, थोड्या वेळाने त्याचं नाहीसं होणं. हेटाओनीकडून पात्रांमधले संबंध आणि लढाई घ्या.

लढाईबद्दल. पळून जाण्याची शक्यता एमव्हीत ०.५ गुणिले तुमच्या गटाची सरासरी चपळता भागिले शत्रूची, आणि दर फसलेल्या प्रयत्नाला ०.१ ची भर. राक्षसाची चपळता दुप्पट ठेवलीत तर २५ टक्के, मग ३५, मग ४५. सर्व्हायव्हलला हे प्रमाण छान बसतं, दोन फेऱ्यांचा मार खाऊन सुटका. राक्षसाचे अनुभव गुण आणि पैसे शून्य ठेवा, नाहीतर लोक मुद्दाम लढत राहतील. 'इफ एस्केप' फांदीत राक्षसाचा सेल्फ स्विच ए चालू करा, आणि त्या पानावर पॅरलल ट्रिगर, हालचाल 'फिक्स्ड', ९० फ्रेम वेट, मग ए बंद. ही मुभा नसेल तर पळालेला खेळाडू त्याच क्षणी पुन्हा लढाईत ओढला जातो.

वेलांटी

अक्षरांचं सांगते. यात फॉन्टचा दोष नाही, त्यामुळे बदलून फरक पडणार नव्हता. वस्तूंची यादी अख्खा शब्द एकदम रंगवते, म्हणून ब्राउझर जोडाक्षरं बरोबर जुळवतो. संवादाची खिडकी एकेक युनिकोड अक्षर सुटं काढते: 'क', मग एकटी वेलांटी, मग 'ल', मग हलन्त. ओळ एकदम दाखवायचा कोडही उपयोगी नाही, तो फक्त थांबणं काढतो, रंगवणं एकेकच राहतं.

उपाय: 'विंडो_बेस'मधलं 'प्रोसेसनॉर्मलकॅरेक्टर' प्लगइनने बदला. एक अक्षर घेतल्यावर लगेच पुढचं तपासा. ते युनिकोडच्या ०९०० ते ०९०३ किंवा ०९३ए ते ०९४एफ या पट्ट्यात असेल (०९३डी हा अवग्रह सोडून), किंवा २००डी (न दिसणारं जोडचिन्ह) असेल, तर त्याच तुकड्याला जोडा. तुकडा हलन्ताने (०९४डी) किंवा हलन्त अधिक २००डी ने संपत असेल आणि पुढे ०९१५ ते ०९३९ मधलं व्यंजन असेल तर तेही जोडा. जोडण्यासारखं काही उरलं नाही की अख्खा तुकडा रंगवा आणि त्याच्या रुंदीइतकं पुढे सरका. 'ऱ्या', 'क्ष्म्य', 'र्की' सगळं यात येतं.

हे झालं की शिरोरेषेवर दर अक्षराच्या सांध्यात काळसर खूण दिसेल. एमव्ही प्रत्येक तुकड्याला ४ जाडीची अर्धपारदर्शक काळी कड काढतं, आणि नव्या तुकड्याची कड आधीच्या अक्षराच्या टोकावर चढते. रोमन अक्षरं सुटी असल्यामुळे तिथे ते जाणवत नाही. संवादाच्या खिडकीपुरती 'आउटलाइनविड्थ' शून्य करा. मागची पाटी गडद असली की अक्षरं तशीही उठून दिसतात.

फॉन्ट तरीही बदलाच, कारण सोबत येणाऱ्या एमप्लसमध्ये देवनागरी नाही आणि प्रत्येक यंत्र आपल्या मनाने दुसरा उचलतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्हींचा परवाना खुला आहे. फाइल 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये ठेवून 'गेमफॉन्ट.सीएसएस'मध्ये तिचं नाव द्या. अक्षरांचा आकार २८ आणि ओळीची उंची ३६ असते, त्यात 'र्कीं' वरून आणि 'ट्रू' खालून कापलं जातं. आकार २४ करा.

घुबड (धागाकर्ता)

शिरोरेषेवरचे काळे ठिपके अगदी सांगितले तसेच आले आणि कड काढल्यावर गेले. संवाद आता वाचावेसे वाटतात. शेवटचं: वाटताना काय सांभाळायचं?

चौकट

हेटालिया हिदेकाझ हिमारुया यांची, तेव्हा पैसे किंवा देणगी घेऊ नका. ॲनिमेतली चित्रं, आवाज, गाणी थेट उचलू नका, स्प्राइट (पात्रांची खेळातली चित्रं) स्वतः काढा. पहिल्याच पडद्यावर 'चाहत्यांनी बनवलेला, अधिकृत नाही' असं लिहा. एवढ्याने परवानगी मिळत नाही. मालकांनी काढायला सांगितलं तर काढावा लागेल.

तांत्रिक बाजूने, 'डिप्लॉयमेंट'मध्ये न वापरलेल्या फाइली वगळण्याची खूण असते. स्क्रिप्टमधून वाजवलेले आवाज आणि प्लगइनने मागवलेली चित्रं तिला दिसत नाहीत, ती गळतात. खूण काढा, किंवा गळलेल्या फाइली हाताने परत टाका. फोनवर खेळ 'एमफोरए' आवाज मागतो, संगणकावर 'ओजीजी', म्हणून प्रत्येक आवाज दोन्ही रूपांत हवा. फाइलच्या नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर विंडोजवर चालून जातं, अँड्रॉइडवर आणि वेबवर नाही. तिथे 'फेल्ड टू लोड' येऊन खेळ थांबतो. सगळी नावं लहान अक्षरांत करून एडिटरमध्ये पुन्हा निवडा, आणि राक्षसाच्या उंच स्प्राइटच्या नावापुढचं डॉलरचं चिन्ह तसंच राहू द्या. ते गेलं तर एमव्ही त्या फाइलला आठ पात्रांची शीट समजून राक्षसाचे तुकडे दाखवेल.