प्रोकमधल्या कॉन्कॅटिनेशनची दुसरी फाइल ओव्हरराइड करताना एस२१३-०४

होटगी_रोड:
मेनफ्रेमवर जेसीएलनं (जॉब चालवायच्या सूचनांची भाषा) शाखांच्या रोजच्या व्यवहारांची बॅच टेस्टला चालवायची आहे. कॅटलॉग्ड प्रोकच्या (लायब्ररीत ठेवलेल्या तयार जेसीएलच्या) स्टेप१० मध्ये तीन फाइली एकामागून एक वाचायला जोडल्यात, म्हणजे कॉन्कॅटिनेशन. डीडी म्हणजे फाइल दाखवणारी ओळ, डीएसएन फाइलचं नाव, डिस्प ती कशी वापरायची आणि शेवटी तिचं काय करायचं, युनिट आणि व्हॉल ती कुठल्या डिस्कवर आहे. नावं इथं देवनागरीत लिहितोय:

//व्यवहार डीडी डीएसएन=प्रॉड.सोलापूर.रोज,डिस्प=एसएचआर,
//     युनिट=३३९०,व्हॉल=सेर=सोल००१
//     डीडी डीएसएन=प्रॉड.बार्शी.रोज,डिस्प=एसएचआर
//     डीडी डीएसएन=प्रॉड.पंढरपूर.रोज,डिस्प=एसएचआर

फक्त बार्शीच्या जागी टेस्ट फाइल हवी. जॉबमध्ये प्रोक बोलावणाऱ्या एक्झेकखाली ही ओव्हरराइड (प्रोकमधलं बदलणारी) ओळ दिली:

//स्टेप१०.व्यवहार डीडी डीएसएन=टेस्ट.बार्शी.रोज

फाइल उघडताना, ओपनलाच, एस२१३-०४ एरर येऊन जॉब पडतो. फाइल कॅटलॉगमध्ये (कुठली फाइल कुठल्या डिस्कवर याची नोंद) आहे, आयएसपीएफच्या ३.४ यादीत दिसते, ब्राउझही होते. प्रोक लायब्ररीत बदल करायची परवानगी नाही. काय चुकतंय?

जुना_माग:
फाइल बरोबर आहे हो, ओळ भलत्या जागी बसली. नाव दिलेली पहिली ओव्हरराइड ओळ कॉन्कॅटिनेशनच्या पहिल्याच फाइलला लागते. म्हणजे तुम्ही बार्शी बदलायला गेलात आणि बदललं सोलापूर.

आता एस२१३ कुठून आला ते बघा. ओव्हरराइड पॅरामीटरला पॅरामीटर होतं. तुम्ही डीएसएन दिलंत, तेवढं बदललं. डिस्प, युनिट, व्हॉल प्रोकमधले तसेच खाली उतरले. मागावर एक धागा बदलला म्हणून सगळा ताणा बदलत नाही, तसं. व्हॉल्यूम (डिस्क) लिहिलेला असला की सिस्टीम कॅटलॉग बघतच नाही. तिनं तुमची टेस्ट फाइल सोल००१ वर शोधली, तिथं ती नाही, आणि ओपनला ०४. ३.४ ची यादी कॅटलॉगवरून येते, म्हणून तिथं सगळं ठीक दिसतं.

पहिली फाइल आहे तशी ठेवायची तर तिच्या जागी रिकामी डीडी द्या:

//स्टेप१०.व्यवहार डीडी
//     डीडी डीएसएन=टेस्ट.बार्शी.रोज

दुसऱ्या ओळीला नाव द्यायचं नाही. पंढरपूरची ओळ लिहायचीच गरज नाही, ती राहते. रिकाम्या डीडीपुढं टिप्पणी टाकू नका, ती पॅरामीटर म्हणून वाचली जाते. टाकायचीच असेल तर डीडीनंतर मोकळी जागा, स्वल्पविराम, मोकळी जागा आणि मग टिप्पणी.

उद्या सोलापूरचीच फाइल बदलायची वेळ आली तर व्हॉल आणि युनिट रिकामे करावे लागतील. बरोबरच्या चिन्हापुढं काही लिहायचं नाही:

//स्टेप१०.व्यवहार डीडी डीएसएन=टेस्ट.सोलापूर.रोज,युनिट=,व्हॉल=

रात्रपाळी_सोलापूर:
वरचं बरोबर. डिस्पचं मात्र वेगळं आहे, तिथं फार जण फसतात. डीसीबीचे (रेकॉर्डच्या रचनेचे) उपपॅरामीटर सुटे सुटे बदलतात: एलआरईसीएल (रेकॉर्डची लांबी) दिलं तर आरईसीएफएम (रेकॉर्डचा प्रकार) प्रोकमधला राहतो. डिस्प अख्खा बदलतो. प्रोकमध्ये (न्यू,कॅटलॉग,डिलीट) आहे आणि तुम्ही नुसतं डिस्प=न्यू लिहिलंत, तर दुसऱ्या भागाचा डिफॉल्ट डिलीट. स्टेप शून्य रिटर्न कोडनं संपते आणि फाइल गायब! डिस्प लिहायचाच तर तिन्ही भाग लिहा.

आणि डीडीचं नाव चुकलं तर एररसुद्धा येत नाही बघा. 'व्यवहार'च्या जागी 'व्यवाहर' लिहिलंत तर सिस्टीम ती नवी डीडी समजून स्टेपला जोडते आणि प्रोग्रॅम निवांत प्रॉडची फाइल वाचतो. म्हणून एमएसजीलेव्हल=(१,१) देऊन जेईएसजेसीएल (आउटपुटमधलं जेसीएलचं लिस्टिंग) वाचायची सवय ठेवा. कॅटलॉग्ड प्रोकची न बदललेली ओळ एक्सएक्सनं सुरू होते, ओव्हरराइड झालेली एक्स/ नं. तुमच्या // ओळीखाली एक्स/ नसेल तर ओव्हरराइड लागलेलं नाही. टिपरन=स्कॅन (जॉब न चालवता नुसती तपासणी) टाकूनही हे लिस्टिंग मिळतं, फक्त फाइल खरंच आहे का ते त्यात तपासलं जात नाही.

अनेक स्टेप्सचे ओव्हरराइड असतील तर स्टेप्स प्रोकच्याच क्रमानं घ्या: आधी स्टेप१० चे सगळे, मग स्टेप२० चे.

होटगी_रोड:
रिकामी डीडी घातली, चाललं. लिस्टिंगमध्ये बार्शीच्याच ओळीपाशी एक्स/ आहे. आता दोन शंका. पंढरपूर पूर्ण वगळायचं असेल तर? आणि स्टेप१० चं आउटपुट टेस्टच्या नावानं लिहिलं तर स्टेप३० आपोआप तेच वाचेल का?

जुना_माग:
तिसऱ्या जागी डमी (रिकामी फाइल) द्या:

//     डीडी डमी

वाचता वाचता तिथं पोचलं की फाइल संपली असं प्रोग्रॅमला कळतं. डमी मध्येच टाकलीत तर तिच्यापुढच्या फाइलीही वाचल्या जात नाहीत, जॉबसाठी अॅलोकेट (राखून) मात्र होतात. त्यातली एखादी अस्तित्वात नसेल तर जॉब तरीही पडणार. त्यामुळे डमी शेवटच्या जागीच बरी.

स्टेप३० चं उत्तर प्रोक बघून मिळेल. तिथं डीएसएन=*.स्टेप१०.निकाल असं मागं बोट दाखवलेलं असेल तर नवं नाव आपोआप जातं. थेट प्रॉडचं नाव लिहिलेलं असेल तर स्टेप३० कालचीच प्रॉड फाइल वाचेल, तिथंही ओव्हरराइड द्या.

रात्रपाळी_सोलापूर:
स्टेप३० आतून दुसरी प्रोक बोलावत असेल तर जॉबमधून तिच्या डीडीपर्यंत पोचता येत नाही, ओव्हरराइड एकाच पातळीपर्यंत चालतं. मग बाहेरच्या प्रोकमध्ये फाइलच्या नावासाठी सिंबॉल (बाहेरून किंमत देता येणारी जागा) ठेवलाय का बघा. असेल तर एक्झेकवर त्याची किंमत द्या, नसेल तर प्रोक सांभाळणाऱ्यांकडून घालून घ्या.