पगमिलचे लायनर: झिजले की बदलता येतील असं डिझाइन कसं करू?

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. डांबर प्लांटसाठी ट्विन शाफ्ट पगमिल (खडी आणि डांबर कालवणारा दोन शाफ्टचा मिक्सर) बनवतोय. मागच्या वेळी एमएस (साधं पोलाद) प्लेटचे लायनर, म्हणजे आतून झीज सोसणारं अस्तर, थेट वेल्ड केले. आपल्या काळ्या बेसाल्ट खडीनं एका सीझनमध्ये तळाला भोक! नाय-हार्ड (निकेल-क्रोमचं कडक ओतीव लोखंड) घेऊ का?

उत्तर १: २० वर्षं प्लांटवर काढली, म्हणून सांगतो. घ्या, पण ते ठिसूळ. वेल्डिंग नको, ड्रिलही नको. भोकं ओतकामातच ठेवून घ्या. लायनरच्या फरश्या एका माणसाला उचलतील एवढ्याच. झीज तळाच्या वळणावर जास्त, तेवढ्याच बदलायच्या. आणि नट बाहेरून! आत ठेवलेत तर डांबर चढून बसतं, मग कोणीतरी गॅसकटर घेऊन आत शिरतं. मी शिरलोय, मे महिन्यात.

प्रश्नकर्ता: हा हा. आणि कालवणाऱ्या आर्मच्या टोकाची पट्टी, पॅडल टिप?

उत्तर १: आर्मपासून वेगळी, दोन बोल्टवर. दोन्ही कडा सारख्या ठेवा, एक झिजली की फिरवून लावता येते. आर्मला लांबट भोक द्या, टिप पुढे सरकवता येईल. लायनरपासूनची फट सर्वांत मोठ्या खडीच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर खडी अडकून भरडते.

उत्तर २: बोल्टचं डोकं खळग्यात बुडवा. आमच्याकडे लायनर शाबूत, डोकी गायब!