'ड्रॅगनेट' (१९८७): जुन्या पोलीस मालिकेचा विनोदी चित्रपट केला, त्यात बिघडलं काय?

कोकणकडा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात लागोपाठ दोन रात्री 'ड्रॅगनेट' पाहिलं. पहिल्या रात्री जॅक वेबच्या मालिकेचे १९६७ सालचे काही भाग, दुसऱ्या रात्री डॅन अ‍ॅक्रॉइड आणि टॉम हँक्स यांचा १९८७ चा विनोदी चित्रपट. त्यावरून घरात चांगलाच वाद झाला. भाऊ म्हणतो, एवढ्या गंभीर मालिकेचं पार हसं केलंय. मला उलट वाटतं, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: 'ड्रॅगनेट' १९४९ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५१ च्या डिसेंबरात टीव्हीवर आली, १९५९ पर्यंत चालली आणि १९६७ ते १९७० पुन्हा आली. विषय लॉस एंजेलिस पोलिसांच्या फायलींतली खरी प्रकरणं. नायक सार्जंट जो फ्रायडे, बिल्ला क्रमांक ७१४. सुरुवातीला ते चार ठोकेबाज सूर आणि निवेदन, की गोष्ट खरी आहे, निरपराधांना त्रास नको म्हणून नावं तेवढी बदलली आहेत. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, तिन्ही वेबच. नटांना तो टेलिप्रॉम्प्टरवरून संवाद वाचायला लावायचा, त्यामुळे चोर असो की साक्षीदार, सगळे एकाच सपाट पट्टीत बोलतात.

चित्रपटात अ‍ॅक्रॉइड हा मूळ फ्रायडेचा पुतण्या आहे. नाव तेच, बारीक कापलेले केस तेच, बोलण्याची पट्टीही तीच. चित्रपट सुरू होताच तेच निवेदन येतं, नावं बदलली आहेत म्हणून, आणि पाठोपाठ उदाहरण: जॉर्ज बेकर या माणसाचं नाव आता सिल्व्हिया विस आहे! मी इथेच चित्रपटाच्या प्रेमात पडलो. हे सुचायला मूळ वाक्य शेकडो वेळा ऐकलेलं असावं लागतं. अ‍ॅक्रॉइडनं वेब नुसता पाहिलेला नाही, अंगात भिनवून घेतलाय. आणि त्यानं फ्रायडेला मूर्ख ठरवलेलं नाही. फ्रायडे होता तसाच आहे, भोवतालचं जग १९८७ चं झालंय. हसू येतं ते त्या अंतराचं. मूळ मालिकेत फ्रायडेचा जोडीदार बिल गॅनन झालेला हॅरी मॉर्गन इथे कॅप्टन गॅनन म्हणून हजर आहे. थट्टाच करायची असती तर त्याला आवर्जून बोलावलं असतं का?

शेवटची पाठलागाची, मारामारीची वीसेक मिनिटं मात्र कुठल्याही चित्रपटात खपली असती. ती मलाही नाही आवडली.

टिपणवही

मी तुमच्या भावाच्या बाजूची.

अ‍ॅक्रॉइडचं प्रेम खरं असेल, मान्य. पण नक्कल लोकांच्या लक्षात राहते आणि अस्सल पुसलं जातं, याला 'ड्रॅगनेट'इतकं चांगलं उदाहरण दुसरं नसेल. 'जस्ट द फॅक्ट्स, मॅम' (बाई, फक्त घडलं तेवढंच सांगा) हे फ्रायडेचं वाक्य म्हणून जगभर सांगतात. वेबनं ते मालिकेत या शब्दांत कधी म्हटलेलंच नाही. १९५३ मध्ये स्टॅन फ्रीबर्ग या विनोदकारानं 'सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगोनेट' नावाची विडंबनाची रेकॉर्ड काढली, ती तुफान खपली, आणि वाक्य रूढ झालं ते तिच्यामुळे. म्हणजे ज्या ओळीनं आपण त्या माणसाला ओळखतो तीच मुळी त्याची नाही.

आता मालिकेत काय होतं ते सांगते. १९५३ च्या नाताळचा एक भाग आहे. एका चर्चमधली बाळ येशूची मूर्ती चोरीला जाते. मूर्तीची किंमत अगदी किरकोळ, पण पाद्री म्हणतात, पिढ्यान् पिढ्या लोकांनी हीच पाहिलीय. फ्रायडे आणि त्याचा जोडीदार दिवसभर दारं ठोठावत फिरतात. हाती काही लागत नाही. ते हे सांगायला चर्चमध्ये येतात, तेवढ्यात एक गरीब घरचा लहान मुलगा लाल ढकलगाडी ओढत आत येतो. गाडीत मूर्ती. लाल गाडी मिळाली तर पहिली फेरी बाळ येशूला, असा नवस त्यानं केला होता. बस्स. गोळीबार नाही, पाठलाग नाही. वेबनं हीच गोष्ट १९६७ मध्ये रंगीत पुन्हा केली.

एकदा त्या सपाट बोलण्याची खिल्ली मनात बसली की हा भाग नीट बघता येत नाही हो. पोलीस तोंड उघडतात आणि शेजारचा हसायला लागतो. माझ्या बाबतीत हे झालंय, म्हणून राग आहे.

पावसाळी

धागाकर्त्याशी सहमत. वाईट नमुना बघायचा असेल तर 'चिप्स'चा २०१७ चा चित्रपट बघा. १९७७ ते १९८३ ची मूळ मालिका म्हणजे कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवरचे दोन मोटरसायकलवाले पोलीस, सगळ्या घरानं एकत्र बसून बघावी अशी. चित्रपटाला मिळालं मोठ्यांसाठीचं 'आर' प्रमाणपत्र, अंगचटीचे विनोद खच्चून भरलेले. मुलांना घेऊन बसले होते, दहाव्या मिनिटाला बंद केला. नाव आणि गाड्या तेवढ्या उचलल्या, मालिकेचा जीव कशात होता ते कुणी बघितलंच नाही. 'ड्रॅगनेट'मध्ये तसं झालेलं नाही.

सातासमुद्रापार

मी वीस वर्षं लॉस एंजेलिसमध्ये राहतोय. वरच्या तिघांशीही माझं पटत नाही, कारण तुम्ही तिघंही मूळ मालिका पवित्र धरून चाललाय.

वेबला प्रकरणं कोण द्यायचं? पोलीस खातं. संहिता तपासायचं कोण? तेच खातं. विल्यम पार्कर १९५० ते १९६६ या शहराचा पोलीसप्रमुख होता, आणि खात्याची जी स्वच्छ, शिस्तीची प्रतिमा त्याला देशभर हवी होती ती या मालिकेनं घडवून दिली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये शहरातली वॉट्स ही काळ्यांची वस्ती पोलिसांवरच्या रागातून पेटली, ३४ माणसं गेली. त्याला दीड वर्ष होत नाही तोवर, जानेवारी १९६७ मध्ये, फ्रायडे पडद्यावर परत आला. पहिलं प्रकरण कुठलं? अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा रंगवून एलएसडीच्या नशेत झाडाची साल चावणारा पोरगा. वॉट्समध्ये लोक कशानं चिडले होते, याचा मागमूस नाही.

माझा एक ज्येष्ठ सहकारी दक्षिण लॉस एंजेलिसात वाढलेला. मालिकेचा विषय निघाला तेव्हा तो एवढंच म्हणाला, 'आमच्या गल्लीत येणारा पोलीस असा नव्हता.'

विनोदाला हे बोलता आलं असतं. १९८७ मध्ये संधी होती, आणि चित्रपटानं खलनायक म्हणून कोण निवडलं? एक ढोंगी धर्मोपदेशक आणि बकऱ्याच्या कातड्याच्या विजारी घालून नाचणारा पंथ. त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च १९९१ मध्ये, याच शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगानं पाहिली. अ‍ॅक्रॉइडचं प्रेम खरं आहे, आणि माझी तक्रार त्या प्रेमाबद्दलच आहे. विडंबन करणारा भक्त असला की तो नेमकं टोचायचं तिथे टोचत नाही.

कोकणकडा

@सातासमुद्रापार, पार्करचा भाग मी लिहायलाच हवा होता. तो गाळून मालिकेचं कौतुक करणं अर्धवट होतं, हे कबूल. चित्रपट पोलिसांना बोचत नाही हेही खरं. पण फ्रायडेला तो बोचतो, आणि ते बारकाईनं. कॉनी स्वेल नावाची मुलगी आहे, पंथ तिचा बळी देणार असतो. फ्रायडे तिचा उल्लेख दर वेळी 'द व्हर्जिन कॉनी स्वेल' (कुमारिका कॉनी स्वेल) असाच करतो, सरकारी हुद्दा असल्यासारखा. शेवटी दोघं जोडीदार गाडीत बसलेत. हँक्स विचारतो, रात्र कशी गेली. फ्रायडे सांगतो, कॉनी स्वेलबरोबर. हँक्स थबकतो: 'द व्हर्जिन कॉनी स्वेल म्हणायचंय ना तुला?' फ्रायडे बोलत नाही, नुसता बघतो, आणि ते चार सूर वाजतात. सगळा चित्रपट एक विशेषण गळण्याची वाट बघत होता! नियमांच्या आड लपलेला माणूस तिथे पहिल्यांदा दिसतो. वेबनं तो कधी दाखवला नव्हता.

@टिपणवही, लाल गाडीवाला भाग काल रात्री शोधून पाहिला. आईलाही दाखवला. तुमचा राग समजला. पण वेब स्वतः विनोदाला घाबरत नव्हता. फ्रीबर्गला त्यानंच परवानगी दिली होती. १९६८ मध्ये जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात तो फ्रायडे म्हणून बसला आणि चोरीला गेलेल्या तांब्याच्या घंटालोलकांची जबानी घेतली, सगळे शब्द 'क'चे. आपलं कच्चा पापड, पक्का पापड तसं, फक्त कपाळावर एक आठी न हलवता.

टिपणवही

ते प्रहसन पाहिलंय, फार आवडतं. पण तिथे वेब समोर बसला होता, शब्द त्याच्याच तोंडात होते. तो १९८२ च्या डिसेंबरात गेला, खात्यानं ७१४ क्रमांक कायमचा बंद केला, आणि चित्रपट आला त्यानंतर साडेचार वर्षांनी. तेव्हा त्याला विचारणार कोण होतं?

आईंना भाग कसा वाटला ते लिहा.

कोकणकडा

आई म्हणाली, त्या पोरानं गाडी बाहेर नाही ठेवली, थेट देवापुढे नेली. मग तो भाग परत लावायला सांगितला.