पैसे नव्या आवृत्तीचे, की जुनी बंद होते त्याचे?

खटपट्या
संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीसाठी पैसे मोजावेत का? मॅकची सिस्टिम २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून फुकट आहे. विंडोज १० चं अधिकृत लायसन्स असेल आणि यंत्र निकषांत बसत असेल तर विंडोज ११ सुद्धा फुकट. खिशात हात घालावा लागतो तो लायसन्स नसलेल्यांना, साध्या ‘होम’ प्रकारावरून जास्त सोयींच्या ‘प्रो’वर जाणाऱ्यांना आणि यंत्र निकषांत बसत नाही म्हणून नवं घ्या असं ज्यांना सांगितलं जातं त्यांना. माझं मत : यातल्या कुणीही निव्वळ नव्या आवृत्तीसाठी पैसे मोजू नयेत. मधोमध आलेलं स्टार्ट बटण आणि गोलसर कोपरे यांनी काम पुढे सरकत नाही. उलट ११ आलं तेव्हा टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची सोयच काढून टाकली होती.

तेच पैसे एसएसडीत, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये, घाला. विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे वाचनांतच धापा टाकते, साधी साटा जोडणीची एसएसडी हजारोंनी करते. विंडोज सुरू होताना नेमकं हेच काम चालतं.

पॅचपुराण
असहमत. तुम्ही फीचर मोजत बसलात, पैसे सुरक्षेचे असतात. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ साठी दुरुस्त्या येतात. हल्लेखोर दुरुस्त फाईल आणि आधीची फाईल शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते शोधतात. तोच जुना कोड १० मध्येही असेल तर तिथे ते भोक उघडंच. म्हणजे ११ ची प्रत्येक दुरुस्ती ही १० च्या घरफोडीचा नकाशा ठरू शकते. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय विसरलात का?

खटपट्या
विसरलो नाही, म्हणून तर म्हणतोय. वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरलं, ते ज्या भोकातून शिरलं त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली. लोकांनी पॅच टाकलाच नव्हता. अपडेट बंद करून ठेवणाऱ्याला नवी आवृत्ती विकत देऊन काय साधणार?
शिवाय १० ला वाढीव सुरक्षा योजना आहेच, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट मिळते.

पॅचपुराण
घरापुरतं ठीक, तेही वर्षभरच. संस्थांना तीन वर्षं मिळतात, पण दर दरवर्षी दुप्पट. म्हणजे एकूण खर्च पहिल्या वर्षाच्या सातपट. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. आणि हाती काय? फक्त सुरक्षेचे पॅच. त्यापेक्षा यंत्रं बदललेली बरी.

बायोसबुवा
दोघेही थांबा. ‘अपात्र’ म्हणून सांगितलेली कितीतरी यंत्रं पात्र असतात, फक्त बायोसमधली (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधली) टीपीएमची कळ बंद असते. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारं मॉड्यूल, ११ ला ते लागतं. विंडोजच्या ‘रन’ चौकटीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ चालवा. मॉड्यूल सापडत नाही असं आलं तर बायोसमध्ये इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम (दोन्ही टीपीएमचीच नावं) चालू करा. प्रोसेसर साधारण इंटेल आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा हवा, तो मात्र कळ दाबून मिळत नाही.

दुसरी अडचण डिस्कची : ११ ला यंत्र जुन्या ‘लेगसी’ऐवजी नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होणारं हवं. ‘एमएसइन्फो३२’ मध्ये बायोस मोड ‘लेगसी’ दिसला तर डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते, ती जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. सगळं पुसायची गरज नाही. बॅकअप घ्या, बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा सांकेतिक करणारं एन्क्रिप्शन) असेल तर तात्पुरतं थांबवा, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘एमबीआर२जीपीटी’ आधी ‘व्हॅलिडेट’ आणि मगच ‘कन्व्हर्ट’ पर्यायाने चालवा, दोन्ही वेळा ‘अलाउफुलओएस’ जोडून. व्हॅलिडेट नापास झालं तर आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, मोजा : तीनपेक्षा जास्त प्रायमरी चालत नाहीत. यंत्र बनवणाऱ्याने दिलेलं रिकव्हरी पार्टिशन इथे हमखास नडतं.
कन्व्हर्ट झाल्यावर लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय) बंद, यूईएफआय चालू. हे विसरलं की बूट डिव्हाइस सापडत नाही आणि लोक डेटा गेला म्हणून डोक्याला हात लावतात. डेटा जागेवरच असतो. सिक्योर बूट (खात्रीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) सगळ्यात शेवटी चालू करा.

फुकटफौजदार
एवढा खटाटोप कशाला? रुफस या प्रोग्रॅमने विंडोज चढवायचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची तपासणी काढून टाका, काम फत्ते. नवं यंत्र घेणारे वेडे.

बायोसबुवा
काम फत्ते, पुढच्या वार्षिक आवृत्तीपर्यंत. अशा यंत्राला ती आपोआप येत नाही, दरवेळी हाताने चढवावी लागते, आणि अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यातून ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचनांची सोय हवीच. जुन्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरमध्ये ती नाही, त्यामुळे विंडोज बूटच होत नाही. तिथे रेजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीची) कुठलीही युक्ती चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाका आणि मोकळे व्हा.

हिशेबनीस
प्रोचा मुद्दा राहिला. त्याच यंत्रात दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने शिरायचं असेल, ग्रुप पॉलिसी (यंत्रांवर नियम लावणं) किंवा हायपर-व्ही (आभासी यंत्रं चालवणं) लागत असेल तर प्रो घ्या. नुसत्या एन्क्रिप्शनसाठी नको : बऱ्याच यंत्रांवर होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. रिटेल, म्हणजे सुटं विकलं जाणारं, लायसन्स घ्या, ओईएम (यंत्रासोबत येणारं) मदरबोर्डला बांधलेलं असतं, बोर्ड गेला की तेही गेलं. मातीमोल भावाच्या लायसन्स-की बहुधा संस्थांना घाऊक दिल्या जाणाऱ्या व्हॉल्यूम लायसन्सच्या असतात, आज चालतात आणि पुढे कधीही ब्लॉक होतात.

आणि खटपट्या, खर्च लायसन्सपाशी संपत नाही. ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिट १० वर चालणारे जुने ड्रायव्हर आणि १६ बिट प्रोग्रॅम तिथे चालत नाहीत. मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असेल तर काही जुने ६४ बिट ड्रायव्हरही अडवले जातात. स्कॅनर आणि मोजमापाच्या उपकरणांचे ड्रायव्हर आधी तपासा. अपग्रेडनंतर मागे फिरायला दहाच दिवस मिळतात. त्या मुदतीतच ‘डिझम’ कमांडने ‘सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो’ची किंमत ६० करून ठेवा, आणि तोवर डिस्क क्लीनअपमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’वर (जुन्या विंडोजच्या फायलींवर) टिक करू नका.

खटपट्या
६० दिवसांचं ठाऊक नव्हतं, धन्यवाद. पण बघा, ड्रायव्हर तपासा, पार्टिशन मोजा, मागे फिरायची वाट राखा. एवढं सगळं आपणच करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे?

पॅचपुराण
हो. ११ ची सुद्धा प्रत्येक आवृत्ती होम-प्रोवर २४ महिनेच सांभाळली जाते. ती मुदत कॅलेंडरवर टाकून ठेवा.