पत्रकारिता शिकायची आहे, ओढा फोटोकडे: नाशिकमध्येच शिकावं की पुण्याला जावं?

गोदाकाठ
बी.ए.चं शेवटचं वर्ष सुरू आहे, विषय राज्यशास्त्र. पुढे पत्रकारिता करायची आहे आणि त्यातही फोटो-पत्रकारिता. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नाशिकमध्ये राहून शिकता येईल का? सुरुवातीला कॅमेरा कोणता घ्यावा? आणि २०२७ च्या सिंहस्थापर्यंत हात बसायचा असेल तर सराव नेमका कशाचा करावा?

कॉलम_सेंटिमीटर
नाशिकमध्ये एच.पी.टी. महाविद्यालयात पत्रकारिता विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट. पण नावावर जाऊ नका. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा: आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, विद्यार्थ्यांचा प्रायोगिक अंक खरोखर निघतो का, छायाचित्रणाला स्वतंत्र पेपर आहे की एखाद्या प्रकरणात उरकलं आहे, इंटर्नशिप कोण मिळवून देतं. फोटोचा भाग पातळ असला तरी चालेल. वृत्तलेखन, कायदा आणि संपादन मात्र पक्कं हवं, कारण कॅमेरा बाहेर शिकता येतो, बातमीची जाण एकट्याने यायला फार वेळ लागतो. नाशिकचा फायदा असा की बहुतेक मोठ्या मराठी दैनिकांच्या आवृत्त्या इथे आहेत, त्यामुळे वर्ग आणि वृत्तकक्ष एकाच दिवसात गाठता येतात.

शटर_पंचवटी
कॅमेऱ्याचं सांगतो. जुनी एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरची) बॉडी पुरते. घेताना शटर काउंट, म्हणजे त्यावर आजवर किती फोटो काढले गेले ते तपासा, दोन्ही डायल फिरवून बघा, सेन्सरवर डाग आहेत का ते एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून) कोऱ्या आकाशाचा फोटो काढून पाहा. सोबत १८-५५ ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८. टेलीची (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सची) घाई नको, लांबून काढलेल्या फोटोत माणूस दिसतो पण प्रसंग हरवतो.

रामकुंडावर संध्याकाळची आरती हा उत्तम सराव आहे, कारण तिथे सगळ्या अडचणी एकत्र येतात. मागे काळोख असल्यामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो उजळ करायला जातो आणि ज्योत व पुजाऱ्याचा चेहरा पांढरा फटक पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ ठेवा. शटर १/२५० सेकंद, छिद्र एफ/२ ते २.८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० च्या आसपास. दिवसाच्या गर्दीत १/५०० च्या खाली उतरू नका, नाहीतर उडणारं पाणी आणि हात दोन्ही धूसर येतात.

सभागृहातली पत्रकार परिषद वेगळी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० वर एक फोटो उजळ, दुसरा काळपट येतो, इलेक्ट्रॉनिक शटरवर तर आडवे पट्टे पडतात. मेकॅनिकल शटर, १/१०० किंवा १/५०, आणि बोलणारा थबकेल तो क्षण धरायचा.

गोदाकाठ
धन्यवाद. फोटोओळ, म्हणजे फोटोखालचा मजकूर, कशी लिहायची? आणि फोटो कार्यालयात व्हॉट्सअॅपवर पाठवले तर चालतात का?

कॉलम_सेंटिमीटर
व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आत भरलेली माहितीही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. छपाईचा हिशेब सोपा आहे: फोटो १६ सेंटिमीटर रुंद लागणार असेल तर २०० डीपीआयला (एका इंचात २०० ठिपके) साधारण १,२६० पिक्सेल हवेत. पण मूळ फाइल मोठीच ठेवा, कारण पानावर तो कापला जाणार. फोटोओळ युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उतरतो.

ओळ लिहिताना लासलगावचं उदाहरण घ्या. ‘बळीराजाच्या डोळ्यांत पाणी’ ही फोटोओळ नाही. यातून कोण, कुठे, कधी यातलं काहीच कळत नाही. ‘लासलगाव बाजार समितीत मंगळवारी सकाळी उन्हाळ कांद्याच्या लिलावासाठी उभे असलेले शेतकरी’ असं पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात संदर्भ: त्या दिवसाचा किमान, कमाल आणि सरासरी भाव, बाजार समितीच्या नोंदीवरून. चेहरा ठळक असेल तर नाव आणि गाव तिथेच लिहून घ्या, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांनाच विचारा. गटाचा फोटो असेल तर ‘डावीकडून’ असं क्रमाने.

सरावही तिथेच करा. ट्रॅक्टरमधले कांद्याचे ढीग सगळेच काढतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकतो आणि भाव ठरतो तेव्हा शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा, बातमी तिथे आहे. पुढे कांदा चाळीत साठवण, गोण्या भरणं, हमाल, वजनकाटा असं आठ-दहा फोटोंत उभं करा. त्यात एक दुरून, दोन जवळून, एखादा फक्त हातांचा.

निफाडकर_वकील
कायद्याचं थोडं, कारण शिकाऊ पत्रकार इथेच अडकतात. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांसाठी पॉक्सोचं (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४. डोळ्यांवर काळी पट्टी लावून भागत नाही. गणवेशावरचा बिल्ला, घराची पाटी, शेजारी उभे असलेले वडील यावरूनही ओळख पटते. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढूच नका, त्याला बातमीमूल्य नसतं आणि माणसाचा अपमान होतो.

ड्रोनचा मोह असेल तर देवळालीचा लष्करी परिसर आणि ओझर विमानतळ लक्षात घ्या. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर क्षेत्र पाहा, लाल असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.

हक्कांबाबत: कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि उलट करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणून काम घेतानाच एका ईमेलमध्ये लिहून घ्या की वापर एकदाच, अमुक अंकापुरता, आणि हक्क छायाचित्रकाराकडे.

शटर_पंचवटी
संपादनाचं राहिलं. उजेड, रंगसंतुलन, कातरणं एवढंच. फोटोतली वायर, चप्पल, मधे आलेला माणूस पुसायचा नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) जपून ठेवा, शंका आली तर संपादक तीच मागतो.