मदत हवी आहे : मे महिन्यात लातूर–चाळीसगाव, जाममध्ये गाडी तापू नये म्हणून काय करावं?

प्रश्न
मार्ग अंबाजोगाई, मांजरसुंबा, बीड, संभाजीनगर, कन्नड. तिसऱ्या दिवशी परत. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल. सोबत आजी आणि लहान पोर. पळताना तापमानाचा काटा मधोमध असतो, पण जाममध्ये एसी बंद ठेवून उभं राहिलं की वर सरकतो. कन्नड–चाळीसगावमधल्या औट्रम घाटात एखादा ट्रक आडवा झाला की दोन-तीन तास गेलेच. रेडिएटर बदलावा का?

पाना_१०_१२
रेडिएटर राहू द्या, आधी त्याचा पंखा बघा. पळताना समोरून वारं मिळतं, उभ्या गाडीला पंख्याशिवाय वारं नाही. सावलीत इंजिन चालू ठेवून एसी लावा, मिनिटभरात पंखा फिरला पाहिजे. मग एसी बंद करून तशीच ठेवा. काटा मध्याच्या जरा वर गेला की पंखा आपोआप लागतो आणि थोड्या वेळाने थांबतो. दोन्ही वेळा नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर या क्रमाने बघा. मंद फिरत असेल तर मोटरचे कार्बन झिजलेत.

प्रश्नकर्ता
एसीबरोबर फिरतो. नुसता नाही. काटा पाऊणवर गेला म्हणून बंद केली.

पाना_१०_१२
मग टेम्परेचर सेन्सर किंवा त्याचं सॉकेट. सॉकेटच्या पिना हिरवट पडल्यात का ते बघा. ते होईपर्यंत निघू नका.

काळी_माती
रेडिएटरची जाळीही धुवा. एसीचा कंडेन्सर पुढे, रेडिएटर मागे, आणि दोघांच्या फटीत किडे, भुसा, धूळ गच्च बसते. समोरून सगळं स्वच्छच दिसतं. पाणी इंजिनाकडून बाहेर, कमी दाबाने मारा. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पाइप जवळून लागला की पाकळ्या चेपल्याच.
कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं द्रव) कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल वॉटर मिसळा, तयार असेल तर तसंच ओता. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या क्षारांनी बारीक नळ्या बुजतात. रेडिएटरच्या झाकणाचा रबर कडक झाला असेल तर झाकण बदला, स्वस्तातली वस्तू आहे. १ बार दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, दाब गळला तर १०० लाच.

बालाघाट
एक गोष्ट कुणी बोललं नाही. जाताना मांजरसुंबा आणि औट्रम दोन्ही घाट उताराचे, येताना दोन्ही चढाचे. म्हणजे खरी परीक्षा परतीची. कन्नडहून उतरताना दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही, ब्रेक तापतात. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलू नका. हँडब्रेक ओढा, पुढची गाडी दोन गाडी-लांबी सरकली की मगच हला.
एसी लावून उभं राहिलं तर तासाला साधारण १ लिटर पेट्रोल जातं. कन्नडला आणि चाळीसगावला टाकी भरूनच घाटाला लागा. माणशी ३ लिटर पाणी, ओआरएस, आणि १०३३ हा महामार्ग मदत क्रमांक फोनमध्ये.

प्रश्नकर्ता
तरीही तापलीच तर? बोनेट उघडून रेडिएटरवर ओलं पोतं टाकतात, ते बरं का?

पाना_१०_१२
नको. पोत्याने हवाच अडते, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल्ल, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. पण त्याआधी आजींना आणि पोराला सावलीत उतरवा. काटा लाल पट्टीला टेकला तर लगेच कडेला घेऊन इंजिन बंद. बोनेट उघडा, पण पंख्याजवळ हात नको, काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही फिरतो. रेडिएटरच्या झाकणाला पाऊण तास हात लावू नका. नंतरही जाड फडकं धरून, आधी थोडंसंच सैल करून वाफ जाऊ द्या.