छोट्याशा बेटावर दिवसभर सायकल: तुमचे अनुभव लिहा

परवा कोकण रेल्वेने मडगावला जात होतो. थिवी सोडली आणि करमळीच्या अलीकडे मांडवी ओलांडताना खाली हिरवीगार शेतं, खारफुटी आणि मधून एक निवांत रस्ता दिसला, म्हटलं अरे हे तर मांडवीतलं दिवाडी बेट! लेक मोबाईलमध्ये, नवरा झोपलेला, सांगू कुणाला? म्हणून इथे.

लग्नाआधी आम्ही मैत्रिणी पणजीत भाड्याने सायकली घेऊन निघालो होतो. रायबंदरचा कॉजवे सपाट, एका बाजूला नदी, दुसरीकडे मिठागरं, तिथे मजा आली. मग जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की थेट फेरीचा धक्का. पायी माणसाला तिकीट नाही, पाच-सात मिनिटांत पलीकडे. उतरल्यावर दोन्ही बाजूंनी पाणी भरलेली शेतं, बगळे, आणि गाडी म्हणाल तर दहा मिनिटांनी एखादी. पियेदादच्या चर्चचा चढ मात्र जीव काढतो, आम्ही सरळ उतरून ढकलत नेल्या. वरून जुन्या गोव्याचे मनोरे आणि मांडवी दिसते, तिथे कट्ट्यावर बसून खाल्लेल्या गरम पोयांची (गोव्याचा गोल पाव) चव अजून आठवते (पाववाला पोंगा वाजवत सायकलवरूनच आला होता, त्याने आमच्या गिअरवाल्या सायकलींकडे बघून जे हसू दिलं ना). तुम्ही कुठे गेला होतात, लिहा.

——

गाडीतून ते बेट मी शेकडो वेळा बघितलंय, उतरायचं कधी सुचलं नाही 😀

——

आमचं माहेर तिथलं. ती पाणी भरलेली शेतं म्हणजे खाजन. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालतात आणि बांधात मानस म्हणजे पाण्याची झडप असते, तिची लाकडी दारं भरतीच्या जोराने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात, माणूस लागत नाही. पूर्वी खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात असायचं. आजी पेज त्याचीच करायची, लालसर. आता बरीच शेतं पडीक आहेत. सायकलवाल्यांना एक विनंती, बांधावरून चालवू नका हो, माती ढासळते.

——

ताई कोरगुट तांदूळ आता कुठे मिळतो? पुण्यात येतो का?

——

नार्व्याचं कुणीच लिहिलं नाही अजून? बेटाच्या दुसऱ्या टोकाला फेरी आहे, पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे, सायकल घालून पलीकडे जायचं. सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत, मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदीपलीकडे नेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. आम्ही भर मे महिन्यात गेलो, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि देवळात शिरलो तर असा गारवा की बाबा म्हणाले आता संध्याकाळपर्यंत मी इथून हलत नाही. खरंच हलले नाहीत, झोपले. शेवटी पुजारीकाकांनी उठवलं 😂

——

बाबा रॉक्स!

——

मिशिगनहून. आमच्याकडे मॅकिनॉ आयलंड, १८९८ पासून मोटारगाड्यांना बंदी, सगळी ने-आण घोड्यांवर नाहीतर सायकलवर. बेटाला वळसा घालणारा रस्ता ८.२ मैलांचा, चक्क राज्य महामार्ग आहे आणि त्यावर मोटार नाही. चढ नाहीच म्हणा, एका हाताला तळ्याचं निळंशार पाणी, सासूबाई पासष्टीच्या, पंजाबी ड्रेस घालून पूर्ण राउंड मारला त्यांनी, मध्ये आर्च रॉक या दगडाच्या नैसर्गिक कमानीपाशी थांबून लाडू खाल्ले घरून नेलेले. गावात घोड्यांच्या लिदीचा वास आणि फज नावाच्या मिठाईचा वास एकत्र येतो, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. पायऱ्या चढून आर्च रॉकच्या वर मात्र मीच गेले नाही, त्या गेल्या.

——

सासूबाईंना साष्टांग. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामाची उरलीय.

——

अगं केव्हा झालं ऑपरेशन? कळवलं नाहीस. फिजिओ चालू आहे ना? स्टॅटिक सायकल विचार डॉक्टरांना, माझ्या आईला त्याने बराच फरक पडला.

——

दिवाडीला ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी सायकल घेऊन जाऊ नका, फेरीला पाय ठेवायला जागा नसते. पण बघायला जरूर जा. वाड्यावाड्यांचे झेंडे, हद्दीच्या जुन्या भांडणाची आठवण म्हणून लुटुपुटूची लढाई, पोरं फोटाश म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीतून छोटी फळं मारतात, चांगली लागतात बरं का.

——

शेजारचं चोडणही सायकलला मस्त. रायबंदरहून फेरी, उतरलं की लगेच सलीम अली पक्षी अभयारण्य, ओहोटीला चिखलात उड्या मारणारे मासे बघत माझा मुलगा तासभर हलला नाही, बेट बघायचं राहिलंच. पक्षी किती दिसले विचाराल तर एक खंड्या, तोही त्याने नाही, मी बघितला.

——

वर कोरगुटचं विचारलंय त्यांना: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका घेऊन बसतात कधीकधी, विचारून बघा. आणि धागाकर्ती, पणजीत भाड्याच्या सायकलला मागे पोराला बसवायची सीट मिळते का? आमची चार वर्षांची आहे, कॅरिअरवर टिकणार नाही.

——

आम्हाला नव्हती मिळाली. फेरीने नुसतं चालत जा, तिला दोन्ही फेऱ्यांतच जास्त मजा येईल. आणि टोपी न्या, शेतांच्या मधल्या रस्त्याला झाड म्हणून नाही.